सुई तीन जागी बघायची

पिराजी अडतीस वर्षं लोखंडावर रेघा मारत होता. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. ओतीव माल आला की त्याला चुना फासायचा, मध्य काढायचा, पोलादी कंपासानं वर्तुळ ओढायचं आणि रेघेवर पंचानं बारीक ठिपके ठोकायचे. पुढचा मशीनवाला काही न विचारता त्या ठिपक्यांवर भोक पाडायचा. रेघ चुकली की माल भंगारात. पिराजीच्या रेघेनं अडतीस वर्षांत दोनच नग भंगारात गेले, आणि ते दोन्ही दिवस त्याला पाठ होते.

रिटायर झाला तरी कंपास सुटला नाही. गल्लीतल्या बायका दिवाळीला मोठ्या रांगोळीसाठी बोलवायच्या. तो खिळा ठोकून दोरीनं घेर काढून द्यायचा. कुणाच्या विहिरीचा घेर, कुणाच्या मांडवाचा काटकोन, सगळं दोरीच्या कंपासानं. शिवाय त्याच्याकडं एका सुभेदारानं दिलेलं पितळी होकायंत्र होतं. दाराचं तोंड पूर्वेला येतंय का, हे बघायला लोक त्याला घेऊन जायचे.

"गल्लीला दिशा दावत फिरतासा," बायको चिमणाबाई म्हणायची, "आन् बाजारातनं येताना कोथमीर इसरतासा."

होकायंत्राचा त्याचा एक नियम होता. सुई तीन जागी बघायची. तिन्हीकडं सुई एकच बोलली तर खरी. एका जागी वेगळी बोलली तर जवळपास लोखंड आहे, ती जागा सोडायची. कारखान्यातही तो नव्या माणसांना सुनवायचा, "एकदा घेतलेलं माप हे माप न्हवं. त्यो अंदाज."

सिकंदर त्याच कारखान्यात साचे भरणारा मोल्डर होता. दोघांनी तीस वर्षं एकाच बाकावर डबा खाल्लेला. गेल्या वर्षी सिकंदरनं कागलच्या अलीकडं प्लॉटवर लहानसं घर बांधायला काढलं. त्याच्या बायकोची, फातिमाची एकच मागणी होती. एक खोली नमाजाची हवी, आणि तिच्या फरशीचे सांधे किब्ल्याच्या रोखानं, म्हणजे मक्केच्या दिशेनं हवेत. चटई सांध्याला लावून टाकली की तोंड आपोआप बरोबर.

"मोबाईलवर बगू या की अब्बा," सून तहरीम म्हणाली.

"मोबाईल कशाला? पिराजी हाय."

पिराजीनं आधी घरी बसून हिशोब केला. कोल्हापुरातून किब्ला सरळ पश्चिमेला नाही, चौदा अंश उत्तरेकडं सरकलेला आहे. म्हणजे चार फूट पश्चिमेला गेलं की एक फूट उत्तरेला सरकायचं. मग मे महिन्यातल्या एका दुपारी तो साइटवर गेला. भिंती उभ्या होत्या, स्लॅब पडायचा होता. तो खाली बसला, होकायंत्र ठेवलं, सुई थांबू दिली, उत्तर धरली. दोरीनं दोन कमानी मारून काटकोन काढला, चाराला एक धरून कोन काढला आणि निळीत बुडवलेलं सूत ताणून जमिनीवर रेघ उमटवली. कोन काटेकोर होता. त्यात आजही कुणाला खोट काढता येणार नाही.

पण सुई त्यानं एकाच जागी बघितली.

गुडघा ठणकत होता. एकदा बसलं की उठायला भिंत धरावी लागायची, आणि तीन जागांसाठी अजून दोनदा उठावं लागलं असतं. तेवढ्यात फातिमानं हाक मारली, "पिराजीभाऊ, ताटं वाढल्यात." भिंतीच्या पलीकडं हातभर अंतरावर स्लॅबच्या सळ्यांचा ढीग होता. पिराजीनं तो पाहिला होता. आत येताना त्यालाच वळसा घालून आला होता.

तो हात धुवायला गेला. गवंड्यानं निळीच्या रेघेची दोन्ही टोकं भिंतींवर खुणावून ठेवली आणि स्लॅब पडल्यावर त्या रोखानं फरशी बसवली. घर झालं. सिकंदर येणाऱ्याजाणाऱ्याला ती खोली दाखवायचा. "लाईन पिराजीनं मारलीया," म्हणायचा.

यंदा रमजान ईद दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला आली. पिराजी संध्याकाळी शीरखुर्मा खायला गेला. सिकंदर त्याला नमाजाच्या खोलीत घेऊन बसला. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. वाटी निम्मी झाली तेव्हा सूर्य माळाला टेकायला आला आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. खिडकीच्या गजाची सावली फरशीवर लांब पडली. ती नेमकी एका सांध्यावर पडली, भिंतीपर्यंत, सुतात.

पिराजीचा चमचा थांबला. या दिवसांत सूर्य सरळ पश्चिमेला मावळतो, हे त्याला शाळेपासून ठाऊक. सावलीनं सांध्याला तिरकं कापून जायला हवं होतं, चाराला एक. सावली आणि सांधा एक झाले होते. म्हणजे रेघ सरळ पश्चिमेला होती. चौदा अंश गायब होते. या माणसांनी सबंध रमजान, रोज पाच वेळा, त्याच्या रेघेवर उभं राहून काढला होता.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पंधरा दिवसांत सूर्य सरकला असता, सावलीही सरकली असती.

"सिकंदर," तो म्हणाला, "माजी लाईन चुकलीया."

सिकंदरनं वाटी खाली ठेवली. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "तहरीमनं ऱ्हायला आल्यावर पयल्याच जुम्म्याला मोबाईलच्या नकाशावर दावलं. आमी चटई तिरकी टाकतोय. आज तू येनार म्हनून गुंडाळून ठेवली."

पिराजीनं फरशीच्या सांध्यावरून बोट ओढलं.

"आरं, त्यात काय एवडं? आल्ला काय कोन मोजायला गुण्या घिऊन बसलाय व्हय?" सिकंदर म्हणाला. "सळ्यांनी वडली आसंल सुई. भिंतीपलीकडं सळ्या हैत ह्ये तुला काय सपान पडलं हुतं?"

वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवायची होती.

"बगितल्या हुत्या," पिराजी म्हणाला.

"काय?"

"सळ्या. आत येतानाच बगितल्या हुत्या. तीन जागी सुई बगायला उटावं लागलं आसतं. उटलो न्हाय."

सिकंदरनं त्याची सुटका करायचा आणखी एक प्रयत्न केला. "गुडगा लई दुकत हुता की तुजा."

"दुकत हुता. पर उटता आलं आसतं. जेवायला उटलोच की."

सावली सांध्यावरून पुसट झाली. फातिमा आणखी शीरखुर्मा घेऊन दारात आली, दोघांची तोंडं पाहून तशीच मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजी परत आला. घरात आता स्लॅबचं लोखंड होतं, म्हणून त्यानं अंगणात काम मांडलं, गेटपासून आणि मोटरसायकलपासून लांब. खाली बसला, सुई थांबू दिली, खडूनं रेघ केली. भिंत नव्हती, हात टेकून उठला. दहा पावलं चालला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. सिकंदर पुढं झाला तेव्हा त्यानं हात झिडकारला. तिसऱ्या जागी बसायला त्याला बराच वेळ लागला. मग ती दिशा दोरीनं दारातून खोलीत न्यायची होती आणि फरशीवर खरी रेघ कोरायची होती. जुने सांधे तिच्याखाली तसेच दिसत राहणार होते. त्याला इलाज नव्हता.

सिकंदरनं दोरीचं दुसरं टोक धरलं. ताणण्याआधी तो थांबला.

"तिन्हीकडं एकच आली न्हवं?"

तीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला, पण पिराजीचं माप खरं आहे का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. एकच आली होती. तरी पिराजीनं होकायंत्र उचललं, आणखी दहा पावलं चालला आणि चौथ्या जागी खाली बसला.