खानवेलच्या रस्त्यावर उडालेला टवका

दसरा होऊन गेल्यावर एका शनिवारी पहाटे आम्ही दादरहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या ताईचे यजमान दादासाहेब. गाडी त्यांची, तीन महिन्यांपूर्वी घेतलेली फियाट. नव्या घराच्या दारांसाठी त्यांना खानवेलच्या जंगलातलं सागवान बघायचं होतं. मी निघालो ते पाध्येला भेटायला. पाध्ये माझा रत्नागिरीचा शाळूसोबती, सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायचा.

वापीला हमरस्ता सुटला आणि रस्ता निम्म्याने अरुंद झाला. दादरा मागे पडलं, दमणगंगा ओलांडली. पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. सिल्वासाच्या बाजारात चहा पिताना शेजारच्या बाकावर एक म्हातारा गुजराती बोलता बोलता मधेच पोर्तुगीज शब्द टाकत होता. खानवेलकडे वळलो तशी झाडी दाट होत गेली. डोंगरउतारांवर नागली (नाचणी) पिकून तांबूस झाली होती.

दादासाहेब लाकडाच्या वखारीत गेले. मी गाडीपाशी थांबलो. रस्त्याला लागूनच एक शेत होतं. मधोमध माळा (राखणीसाठी बांधलेलं उंच मचाण) आणि त्यावर एक वारली शेतकरी उभा. पाखरांचा थवा उतरला की तो गोफण फिरवून खडा सोडायचा आणि थवा उठायचा. मला राहवलं नाही. शेतात जाऊन नाव विचारलं. देवजी. त्याने मला वर घेतलं आणि फडक्यातली नागलीची भाकर मिरचीच्या ठेच्याबरोबर पुढे केली. खाऊन झाल्यावर मी म्हणालो, "मलाही शिकव."

"ह्या टोकाची गाठ बोटात अडकवायची, ह्यो टोक सोडायचा," देवजी म्हणाला. "पन येळंवर सोड, शेठ. न्हाय तर मागं जातो."

मी चव्वेचाळीस वर्षांचा, मुंबईत कारकुनी करणारा माणूस. गोफण तीनदा गरगरा फिरवली आणि टोक सोडलं. खडा मागे गेला. रस्त्यावरून टक् असा आवाज आला.

फियाटच्या पुढच्या काचेवर, चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडाला होता. मी गोफण तिथेच टाकून धावलो होतो; ती उचलून देवजीही मागोमाग आला. आम्ही दोघं काच बघत उभे असतानाच वखारीतून दादासाहेब आले.

"हे काय झालं?"

मी म्हणालो, "शेतातून खडा आला."

एवढंच म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं आणि सगळंच खोटं होतं. दादासाहेबांनी देवजीच्या हातातल्या गोफणीकडे पाहिलं. देवजीने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं दार उघडून आत बसलो.

सिल्वासाच्या मेस्त्रीने काचेवर नख फिरवून मान हलवली. "नवो काच नाखवो पडशे, शेठ. आजे टपकुं, काले आखो काच भुक्को." (नवी काच घालावी लागेल. आज ठिपका आहे, उद्या अख्ख्या काचेचा भुगा.) दादासाहेब तिथूनच चौकीत गेले आणि त्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार लिहून आले. ती रात्र त्यांनी सरकारी विश्रामगृहात काढली, मी पाध्येकडे. गाडी पाध्येच्या अंगणात ठेवली होती आणि किल्ली माझ्याकडे होती. पाध्येलाही मी खरं सांगितलं नाही. मनात हिशेब असा, की टवका बुजला तर दादासाहेब तक्रार मागे घेतील आणि कुणालाच काही सांगावं लागणार नाही. या वयात माणूस असा विचार करतो, हे लिहितानाही मला शरम वाटते.

"भुगा बिगा काही होत नाही," सकाळी काच निरखून पाध्ये म्हणाला. "म्हणजे होईलही. पण मेस्त्रीने सांगितलं म्हणून नाही." त्याने शाळेच्या प्रयोगशाळेतून एक बाटली आणली. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या वस्तू काचपट्टीवर बसवण्यासाठी एका झाडाचा पारदर्शक डिंक वापरतात, तो हा. "वश्या, या बाटलीने आजवर कांद्याची साल आणि माशीचे पाय चिकटवलेत. फियाट पहिलीच."

त्याने गाडीचं तोंड चढावर करायला लावलं, म्हणजे काच जरा आडवी होईल. टवका स्पिरिटने पुसला, उन्हात कोरडा होऊ दिला. बाटली गरम पाण्यात धरून डिंक पातळ केला आणि सुईच्या टोकाने थेंब सोडला. आत बुडबुडा अडकला. तापवलेल्या सुईने त्याने तो अलगद वर आणला आणि फोडला. मग वर नखाएवढी पातळ काच ठेवली. पांढरा डाग माझ्या डोळ्यांदेखत विरत गेला. तिरपं पाहिलं तरच एक कडा चमकायची.

"काच मजबूत झाली असं समजू नकोस," पाध्ये म्हणाला. "फक्त दिसत नाही."

मला तेवढंच हवं होतं. विश्रामगृहावर धावत गेलो, तर दादासाहेब चौकीत गेल्याचं कळलं.

चौकीत देवजी जमिनीवर बसला होता. हवालदार खुर्चीत, दादासाहेब बाकावर.

"विचारलं याला, खडा कोणी मारला," हवालदार म्हणाला. "म्हणतो, गोफण माझी, शेत माझा. त्याच्यापुढे बोलतच नाही."

मी देवजीजवळ खाली बसलो. "तू सांगितलं का नाहीस?"

"तू माज्या माळ्यावर जेवलास," तो म्हणाला. "जेवल्या पाव्हन्याचा नाव चौकीत कसा घ्यायचा?"

मी उठलो. "हवालदारसाहेब, खडा मी मारला."

"वसंता, बस खाली," दादासाहेब म्हणाले. "दया दाखवायची जागा नाही ही."

"दया नाही. गोफण माझ्या हातात होती."

"तक्रार लिहून झालीय," हवालदार म्हणाला. "आता खोडता येत नाही."

"खोडू नका. खाली माझं लिहा. नाही तर कागद द्या, मीच लिहितो."

दादासाहेबांचा चेहरा लाल झाला. "लोक काय म्हणतील? माझा मेहुणा आदिवाश्याची गोफण फिरवत होता?"

"हो. आणि नीट फिरवता आली नाही, हेही म्हणू देत."

मी लिहिलं, सही केली. हवालदाराने दोनदा वाचलं, तोंडावर हात धरून हसला आणि देवजीला म्हणाला, "जा रे. आणि परत कुणाला शिकवू नको."

देवजी दारात थांबला. "याला अजून शिकवला पायजे," तो म्हणाला आणि गेला.

"बसने ये," एवढं बोलून दादासाहेबांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि पाध्येच्या अंगणातून गाडी काढून निघून गेले. मी वापीपर्यंत बसने आणि पुढे आगगाडीने घरी आलो. प्रवासभर उभं राहावं लागलं, पण झोप मात्र त्या रात्री लागली.

दादासाहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. काच अजून शाबूत आहे, असं ताई सांगते. पण घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत असतात, की तिकडचे लोक गाड्यांवर दगड मारतात. तुमच्यापैकी कुणी ते ऐकलं असेल, कुणाला खरंही वाटलं असेल. तिकडे जायचं असेल तर खुशाल जा. मी दोन दिवस होतो. दगड एकच आला, आणि तो मुंबईच्या माणसाने मारला.