माझी आजारी म्हैस, मुक्काम कोडोली

रविवारी पुण्याहून पहाटेच्या एसटीने निघालो तेव्हा पिशवीत एक फोन, पाच प्रश्न आणि स्वतःविषयी भरपूर खात्री होती. आमच्या कंपनीने एका दूध संघाला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वेबसाइट बनवली होती. तिच्यावरचे शब्द माझे; 'पशुस्वास्थ्य व्यवस्थापन' हा त्यातला लाडका. सोमवारी साइट सुरू व्हायची होती, त्याआधी खऱ्या माणसांना ती वापरता येते एवढं दाखवायचं होतं.

कोल्हापुरात गाडी बदलली आणि दुतर्फा ऊस बघत कोडोलीला, संघाला दूध घालणाऱ्या मालनकाकूंच्या अंगणात पोचलो. आधी भाकरी-खरडा (मिरचीचा ठेचा) खावाच लागला. डोळे पुसत मी साइट उघडून फोन काकूंच्या हातात दिला आणि पहिला प्रश्न वाचला: समजा, तुमची म्हैस आजारी पडली, तर इथून डॉक्टर कसा बोलवाल?

काकूंनी फोन खाली ठेवला. "गाभण म्हशीचं असलं वंगाळ कोन बोलतंय व्हय, पावणं (पाहुणे)? तुमची आजारी पडली म्हना की."

शेवटी संशोधनाच्या हितासाठी मी म्हैस पाळली. कितव्या वेताची, कधीपासून खात नाही, सगळं त्यांनी विचारलं आणि मी ठोकून दिलं. मग त्यांनी साइट पालथी घातली. अध्यक्षांचा फोटो दोनदा सापडला, डॉक्टर नाही. डॉक्टर माझ्या लाडक्या शब्दाच्या आत होता; त्यावरून बोट तीनदा गेलं, थांबलं नाही. चाचणीत मदत करायची नसते, म्हणून मी गप्प होतो.

"जनावर तडफडतंय आन् तुमी गप बसलायसा?" म्हणत काकू उठल्या. गोठ्याच्या भिंतीवर खडूने 'डॉक्टर' आणि खाली नंबर लिहिला होता, तो त्यांनी लावला.

थोड्या वेळाने डॉक्टर मोटारसायकलवरून उतरले. म्हैस कुठाय, म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली आणि तोंडातून 'पुण्यात' निघून गेलं. जनावर तसं टाकून आल्याबद्दल दोघांनी मला झापलं. डॉक्टरांनी पावडरची पुडी दिली, काकूंनी ती भाकरीसोबत बांधून दिली.

सोमवारी ऑफिसात साहेब शब्दांवर शेवटची नजर फिरवत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"पावणं, म्हैस खाया लागली का?"

"लागली, काकू."

"बरं झालं बाई. रातभर जीव लागून ऱ्हायलाता."

फोन ठेवला आणि साहेबांच्या देखत माझा लाडका शब्द खोडला. जागी लिहिलं: डॉक्टर. खाली नंबर. साहेबांना ते फारच साधं वाटलं. पुडी अजून माझ्या टेबलावर आहे. काकूंशी खोटं बोललो याचं वाईट वाटतं, पण म्हैस वाचली म्हणून मला खरंच बरं वाटतं.