जांभळीची पहिली डहाळी

भाचीनं मोबाइल पुढं केला. "आत्या, हे पीच गुलाब माझ्या लग्नात स्टेजले कसे दिसतीन?"

"छान," म्हणत मी मोबाइल परत दिला.

वीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नासाठी ब्रह्मपुरीच्या दुकानात मी हाच रंग निवडला होता. लग्नाच्या सकाळी फुलं नागपूरहून खोक्यात आली. त्याच सकाळी बाबा जंगलातून जांभळीच्या फांद्या घेऊन आले. मांडव जांभळीचा, आणि त्यावर पहिली डहाळी नवरीच्या बापानं टाकायची, ही आमच्याकडची रीत. पाल्याचा तुरट वास अंगणभर पसरला. बाबांच्या बनियनवर लाल मुंग्या फिरत होत्या.

"बाबा, हा पाला काऊन आनला? फोटोत माये गुलाब दिसले पायजे," मी डाफरले.

ते डहाळी धरून तसेच उभे राहिले. "मंग ही पयली कुठी टाकू, माय?"

"शेळ्यांपुढं टाका."

दुपारच्या उन्हात गुलाब चहाच्या चोथ्यासारखे झाले. त्याचं मला काही वाटत नाही. पण बाबांनी ती डहाळी खरंच शेळ्यांपुढं नेऊन ठेवली, मांडवावर ठेवावी तशी, दोन्ही हातांनी.