बा सिंहाला काय म्हणाला

सुरगाण्याच्या स्टँडवरची जीप भरेपर्यंत हलत नाही आणि भरली तरी लगेच हलत नाही. मी केनियाला निघालो त्या सकाळी मला हे बरंच वाटत होतं. आय खिडकीशी उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होती, तिकडे भात मिळतो का. मी दर वेळी मिळतो म्हणत होतो; खरं तर मलाच ठाऊक नव्हतं. बा जरा लांब, पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी, बैलबाजारात गिऱ्हाईक उभं राहतं तसा उभा होता. म्हणजे सगळं लक्ष इकडे आणि तोंड भलतीकडे. जीप सुरू झाली तेव्हा तो पुढे आला आणि म्हणाला, "आवणीला येशील ना?"

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्या डोंगरातलं घर सोडणं हे असं असतं. भात कापून झाला की माणसं द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात आणि पावसाच्या आधी परत वर येतात. मी शिकलो, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षाच्या पॅकहाउसात सुपरवायझर झालो, तरी बाच्या लेखी मी हंगामालाच गेलेलो होतो, आणि आवणीला रजा काढून मी येतही होतो. नव्वदचं दशक संपता संपता केनियातल्या एका गुलाबाच्या शेतावर कोल्ड स्टोअर सांभाळणारा माणूस हवा होता. द्राक्षं थंड करता येणाऱ्याला गुलाबही थंड करता येतात, असं बोलावणाऱ्याचं म्हणणं. बाला मी सगळं समजावून सांगितलं होतं. विमान, समुद्र, करार, सगळं. त्यानं त्यातून एवढंच काढलं की या वेळचा हंगाम जरा लांबचा आहे.

तुम्ही मंडळी फोनवर विचारता, तिथं बघण्यासारखं काय आहे रे? नाशिकचे मित्र विचारतात, सिंह रस्त्यावर फिरतात का? नाही फिरत. आमचं शेत आहे त्या नैवाशाच्या तळ्याकाठी पाणघोडे फिरतात. ऊन उतरलं की तळ्यातून वर येतात आणि लोकांच्या अंगणातलं गवत खातात, शेजाऱ्याची म्हैस चुकून आत शिरावी तसे. कुणी त्यांना हाकलत नाही, आपणच दार लावून घ्यायचं. सकाळी तळ्यावर धुकं असतं, त्यात बाभळींचे नुसते शेंडे दिसतात. मग एखादा शेंडा चालायला लागतो आणि कळतं की तो जिराफ आहे. पहिलं वर्ष मी जेवणाचा डबा हातात धरून नुसता बघतच राहायचो. पॅकहाउसात शिरलं की गुलाबाचा वास आणि गारठा, बाहेर आलं की हे. झोपेतून उठून परत झोपेतच चालल्यासारखे ते दिवस गेले, आणि मला जागं व्हायची काही घाई नव्हती.

आणि परकं म्हणावं तर धड परकंही नाही. इथं चहाला चाय म्हणतात, चपातीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका. पहिल्याच आठवड्यात बाजारात एक बाई लाल बारीक दाण्यांची रास मांडून बसली होती. मूठभर घेऊन वास घेतला तर आमची नागली, म्हणजे नाचणी! इथले लोक तिला विंबी म्हणतात आणि तिची पेज सकाळी पितात. शेतकी शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं खरं, की नागली मुळात आफ्रिकेची. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या बाजारात मात्र मला एखादी मावशी भेटल्यासारखं झालं. त्या बाईनं मला पसाभर नागली फुकट दिली, बहुधा माझा चेहरा बघून.

मग वर्षं गेली. लग्न झालं, सुमन आली. लेक झाली, आणि ती "पाणी" म्हणायच्या आधी "माजी" म्हणायला शिकली. माजी म्हणजे पाणीच. दर वर्षी करार वाढत गेला आणि एका वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं की आता इथंच राहायचं. मी बाला फोनवर तसं सांगितलं. गावात तेव्हा एकच फोन, सरपंचांच्या घरी. बा "बरं" म्हणाला आणि फोन आयच्या हातात दिला. त्याआधी तो दर फोनला विचारायचा, हंगाम कधी संपतो. त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं.

हे मला लागलं. त्यानं आरडाओरड केली असती तर मी भांडलो असतो. पण तो गप्प बसला आणि मला इथल्या घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. तळं तेच, धुकं तेच, पण आपण इथं विचारून राहिलेलो नाही, असं आत टोचत राहायचं. मला त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. राहा. तो मिळेपर्यंत काही खरं नव्हतं.

धाकट्या भावाच्या लग्नाला आम्ही गावी गेलो आणि त्यानंतर आवणी उरकल्यावर मी बाला घेऊनच आलो. आय नाही म्हणाली, गुरांना कोण बघणार. बा तयार झाला याचं मलाच नवल वाटलं.

इथं त्याला मी सगळं दाखवलं. बा कशाला भुलला असेल तर शपथ. जिराफाकडे बघून म्हणाला, याला पाणी प्यायचा लय तरास. सुमननं विंबीच्या भाकरी केल्या, तेव्हा पीठ घरून आणलं का म्हणून विचारलं. इथलंच आहे म्हटल्यावर आणखी एक भाकरी मागून घेतली. नाकुरूच्या तळ्यावर रोहित पक्षी होते, काठ दिसेनासा होईल इतके, सगळं तळं फिकट गुलाबी. बा तिथं बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्यानं विचारलं, यांचं गाव कुठलं? मी म्हटलं, एक गाव नाही, या तळ्यावरून त्या तळ्यावर जातात. मी पुढच्या शब्दाची वाट बघत होतो, बा नातीला घेऊन पाण्याकडे निघून गेला.

शेवटी मी त्याला मसाई माराच्या अभयारण्यात नेलं. मैलोन्मैल पिवळं गवत, त्यात काळ्या जनावरांचे कळप, चालतायत तर चालतायत, कुठून येतात कुठे जातात काही कळत नाही. गाडीचा ड्रायव्हर लेमायान, गुराख्याच्या घरातला मसाई. त्याला बाची काठी आवडली होती आणि बाला त्याच्या अंगावर पांघरलेली चादर. एका झुडपाच्या सावलीत सिंह बसला होता. लेमायाननं गाडी थांबवली. आजूबाजूच्या गाड्यांतून कॅमेरे निघाले.

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे, लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते आणि आमच्या गावात ती बाच करतो. गुरं राख, पोरं राख, असं मागणं मागतो. त्या मुलखात राहायचं तर त्या मुलखाच्या धन्याला सांगून राहायचं, अशी ती समजूत.

बानं टोपी काढली, चपला काढल्या. सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात घरच्या शेतातले तांदूळ होते. ते तो घरून घेऊन आला होता हे मला तेव्हा कळलं. आणि त्याचा हात दाराच्या कडीकडे गेला. लेमायाननं झेप घालून तो हात धरला. बाचं म्हणणं, देवापुढं बसून बोलत नाय. लेमायानचं म्हणणं, उतरलात तर बोलायला उरणार नाही. मी मध्ये, एकाचं दुसऱ्याला सांगत. शेवटी गाडीचं वरचं झाकण उघडं होतं, त्यातून बा सीटवर अनवाणी उभा राहिला. चार दाणे गवतात सोडले, हात जोडले आणि वाघबारसेला बोलतो त्याच आवाजात बोलला.

"देवा, हा माझा पोरगा. हंगामाला आलेला नाय, राहायला आला हाय. याची बायको हाय, लेक हाय. तुझ्या शिवेत याचं घर हाय. वळख ठेव."

सिंहानं जांभई दिली आणि कूस बदलली. बा खाली बसला, चपला घातल्या आणि पाणी मागितलं. माझ्याच्यानं बाटली उघडेना. मी रडत होतो, आणि बाजूच्या गाडीतली एक गोरी बाई मी सिंहाला घाबरलो असं समजून मला धीर देत होती. लेमायाननं विचारलं, सिंहाला मराठी कळते का? मी म्हटलं, बा मराठीत नाही बोलला, डोंगरातल्या बोलीत बोलला. मग कळलं असेल, म्हणाला.

बा कापणीच्या आधी परत गेला. निघताना त्यानं मला कधी येशील विचारलं नाही आणि या वेळी ते मला टोचलं नाही.

तर मंडळी, इथं यायला कारणं पुष्कळ आहेत. पाणघोडे आहेत, गुलाबी तळी आहेत, वाटेतल्या कुठल्याही घरात पेज पाजणारी माणसं आहेत. या एकदा. आणि माझ्यासारखे जे कुठे कुठे जाऊन राहिलेत, त्यांनी आईबापाला एकदा तरी आपल्याकडे न्यावं. आमच्याकडे लेकीला सासरी पोचवतात, हात धरून सोपवतात, तेव्हा कुठे ते घर तिचं होतं. लेकाला कुणी असं सोपवत नाही. तो जातो तो आपला आपण, आणि जन्मभर निसटून आल्यासारखा राहतो. माझं तसं नाही. मला बाप येऊन सोपवून गेला आहे.