बोईसरच्या बाजारातलं वादळ

हसायचं तर खुशाल हसा, पण एकदा मी एकट्यानं, चांगलं लख्ख ऊन असताना, बोईसरवर वादळ आणलं होतं!

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, नोकरी तिथे, बिऱ्हाड जवळच्याच पाम गावात. आदल्या वर्षी खरंखुरं वादळ झालेलं. रेल्वे बंद, माल येईना. तांदूळ महागला, मासळी दिसेना आणि रॉकेल दुप्पट पैसे देऊनही मिळेना! स्टोव्ह थंड, आणि दुधासाठी तान्ही पोर टाहो फोडतेय. ती धास्ती माझ्या मनातून गेलीच नव्हती.

एका सकाळी सायकलवरून कोळीवाड्यापाशी आलो. बघतो तर काय, एकूण एक होडी किनाऱ्यावर! समुद्र शांत, आणि पाण्यात एकही कोळी नाही? दर्याचं कोळ्यांना आधी कळतं, एवढं मला शहाण्याला ठाऊक होतं!

कसली ड्यूटी! सायकल थेट बोईसरला.

"शेठ, रॉकेल द्या, डबाभर!"

"एवढं कशाला?"

"वादळ येतंय! होड्या सगळ्या वर काढल्यात. डोळ्यांनी बघून आलोय!"

मागच्या रांगेत एकदम गलका झाला. चौघं डबे आणायला घरी पळाले. शेठनं तांदळाची पाटी पुसून नवा भाव लिहिला.

मी घरी डबा टाकला आणि तांदळासाठी परत निघालो. वाटेत एक मजूर ओरडला, "भागो भाईसाब! उमरोली स्टेशन में पानी घुस गया!"

बाप रे! म्हणजे खरंच आलं की! माझीच आवई फिरून आली, हे डोक्यात तरी येतंय का? तांदूळ राहिला बाजूला. शेठकडून दुप्पट भावानं रॉकेलचा शेवटचा डबा उचलला आणि घामाघूम होऊन घरी आलो.

दारात काशीमावशी रडत होती. आमच्याकडे रोज मासळी आणणारी.

"भावा, आज माझे पोरीची हळद हाय! गावात लगीन म्हनून आमी होड्या दर्यात नेल्या नाय. आन कोनी मेल्यानं वादळाची हूल उठवली! बोयसरात घासलेटचा थेंब नाय. बत्त्या कशा पेटवू? पाव्हन्यांना काळोखात बसवू?"

बायको माझ्याकडे वळली. "मावशी परवा आमंत्रण देऊन गेल्या. सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

सांगितलं असेल हो. मी पेपर वाचत होतो!

शरमेनं मान वर होईना. दोन्ही डबे मावशीपुढे ठेवले, पैसे घेतले नाहीत. ती तर पायाच पडायला लागली. "देव हायस रे भावा!"

संध्याकाळी मांडवात बत्त्या झगझगत होत्या. मावशीनं मला मानानं पहिल्या पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं आणि हात वर करून म्हणाली, "ज्यानं ती हूल उठवली ना, त्याचे तोंडात किडे पडूंदे!"

"पडू देत, पडू देत!" मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.

बायको शांतपणे म्हणाली, "थांबा हो मावशी. आधी ह्यांना जेवून तरी घेऊ द्या!"