खाली उतरणाऱ्या सायकली

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या खोऱ्यात सगळे ‘शाश्वत’ म्हणतात. बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना हा शब्द सापडला आणि पोराला शिट्टी सापडावी तसा त्यांनी तो वाजवून वाजवून लोकांचे कान किटवले. शाश्वत शेती, शाश्वत पाणी, शाश्वत कचरा. कचरा शाश्वत असतोच, त्याला समिती कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “ताई, तुम्हाला विषयाची खोली नाही कळायची.”

खोली मला चांगली कळते. समितीच्या खतखड्ड्याची खोली तर वासावरूनच कळायची. ओला कचरा कसा वेगळा करावा यावर हा माणूस तासभर बोलू शकतो. स्वतःचं ताट उचलून बेसिनमध्ये ठेवणं मात्र त्याच्या कार्यक्षेत्रात येत नाही. मग ‘दुरुस्ती केंद्र’ निघालं. लोकांनी बिघडलेले मिक्सर आणून दिले, समितीने ते मोठ्या हौसेने उघडले, आणि ते अजून तसेच उघडे पडले आहेत.

त्यानंतर सायकली आल्या.

आमची वस्ती डोंगराच्या अंगावर आहे आणि बाजार, दुकानं, दवाखाना सगळं तळाला. मध्ये एकच वळणावळणाचा रस्ता. इथे शाश्वतांनी सामायिक सायकलींची योजना काढली. घराघरांतून सायकली गोळा करायच्या, सगळ्यांना हिरवा रंग फासायचा, एक स्टँड वर, एक खाली. कुणीही उचलावी, कुणीही ठेवावी. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही तो चढ कधी सायकलने चढलेला नव्हता.

चढणारी एकच होती, माझी बहीण. ती खाली गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसते. आमच्या भावाने तिच्या सायकलला मागे मोठं दातेरी चक्र बसवून दिलं होतं, म्हणून ती रोज संध्याकाळी धापा टाकत का होईना, पण वर यायची. सीटला तिने गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. ती आंघोळीला गेलेली असताना शाश्वतांनी ती सायकल नेऊन समितीला देऊन टाकली.

“सुरुवात अध्यक्षाच्या घरातून नको का व्हायला?” ते मला म्हणाले.

“मग तुमची स्कूटर द्या की, भाऊजी.”

“स्कूटर समितीच्या कामाला लागते.”

पुढे काय होणार हे पायाखाली उतार असलेल्या कुणालाही कळलं असतं. लोक सकाळी मजेत घरंगळत खाली जायचे, सायकल खालच्या स्टँडला लावायचे आणि संध्याकाळी बस पकडून वर यायचे. सगळ्या सायकली तळाला साचायच्या. त्या वर आणायला समितीने डिझेलचा टेंपो लावला. टेंपोवर हिरव्या अक्षरांत लिहिलं, ‘धूरमुक्त खोरं’. टेंपोवाला उठून, चहा पिऊन, पेपर वाचून यायचा तोवर माझी बहीण पायी निम्मा रस्ता उतरून गेलेली असायची. संध्याकाळी ती स्वतःची सायकल चालवत वर आणायची, नियमाप्रमाणे स्टँडला लावायची, आणि सकाळी ती जायच्या आत दूधवाला तीच घेऊन पसार व्हायचा.

“अहो, निदान रात्रीपुरती घरात ठेवू द्या,” तिने विनवलं.

“हीच ती मालकीची वृत्ती!” शाश्वत कडाडले. “माझ्याच घरात?”

पायी जाऊन तिला वरचेवर उशीर होऊ लागला. कारखान्यातली मुख्य बाई कडक. तिने बजावलं, “आता एकदा जरी उशीर झाला, तर तुझं मशीन दुसरीला देणार.” बहीण घरी येऊन स्वयंपाकाला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “असू दे गं ताई.” हे तिचं ‘असू दे’ ऐकलं की मला त्या माणसापेक्षा हिचाच जास्त राग येतो.

मग ‘आदर्श खोरं’ निवडायला बाहेरून पाहुणे आले. शाश्वतांनी नवा पांढराशुभ्र पायजमा घातला. झेंडा दाखवला, समितीची मंडळी हिरव्या सायकलींवरून हात हलवत उताराला लागली. पाहुण्यांनी फोटो काढले. तेवढ्यात त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “सुंदर! आता हे लोक वर येतील ना? आपण थांबू या.”

शाश्वतांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खाली गेलेली मंडळी चहाच्या टपरीवर टेंपोची वाट बघत बसणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते कोपऱ्यात गेले आणि माझ्या बहिणीला फोन लावला. आवाज दाबायची सवय नसल्याने आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “मशीन राहू दे! तुझी ती सायकल घे आणि ताबडतोब वर ये. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे.”

नंतर तिने मला सांगितलं, मुख्य बाई चिडून म्हणाली होती, “निघालीस कुठे?” तर ही म्हणाली, “आत्ता सोडा. उद्यापासून उशीर व्हायचा नाही.”

शेवटच्या वळणावर ती दिसली. हँडलवर ओणवी, तोंड लालबुंद, पदर कमरेला खोचलेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शाश्वत दोन्ही हात पसरून पुढे झाले, “या आमच्या सौभाग्यवती...” ती थांबली नाही. स्टँड ओलांडून, नवऱ्याला वळसा घालून ती सरळ घराकडे गेली आणि सायकल उचलून स्वयंपाकघरात नेली. गॅसच्या ओट्याच्या पायाला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली.

शाश्वत मागोमाग धावले. मीही गेले, असं काही चुकवायची मला सवय नाही.

“अगं, काय तमाशा लावलायस? सायकल बाहेर काढ! आणि पाहुण्यांना चहा टाक.”

“सायकल माझी आहे,” ती अजून धापा टाकत होती. “चहा तुमच्या समितीचा. टाका.”

“मला चहा कुठे येतो?”

“विषयाची खोली असेल हो,” मी म्हटलं.

पाहुणे चहाशिवाय गेले. त्याच आठवड्यात सभेत शाश्वतांनी जाहीर केलं की प्रयोगाचा पहिला टप्पा यशस्वी झाला असून आता ‘घरोघरी आपली सायकल’ हा दुसरा टप्पा सुरू होत आहे, आणि त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. माझी बहीण सभेला नव्हती, ती कामावर होती. तिचं मशीन तिच्याकडेच आहे.

सायकल अजून स्वयंपाकघरातच असते. पाण्याच्या पिंपाकडे जायचं तर शाश्वतांना अंग तिरकं करून, पोट आत घेऊन सरकावं लागतं, आणि दर वेळी सायकलच्या चेनचं काळं वंगण पांढऱ्या पायजम्याला लागतं. तो धुवायचा कुणी, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.