शोकेसमधलं उटणं

मावशीचं उटणं आमच्या घरात जवळजवळ वर्षभर होतं आणि मला त्याचा वास ठाऊक नव्हता.

मावशी मुंबईच्या एका मालिकेत सून होती. लग्न होऊन भोपाळला, आमच्याच कारखान्याच्या वसाहतीत आली, तरी बाजारात बायका तिला सून म्हणूनच ओळखायच्या. तिला त्याचा वीट आला होता. "चेहरा सोडून माझं काहीतरी असू दे," म्हणत तिने साठवलेलं सगळं घालून उटणं काढलं. डब्यावर मात्र तिचाच फोटो लागला. त्याशिवाय दुकानदार डबा ठेवूनच घेईनात. दिवाळीपर्यंत चाललं नाही, तर काकांना इथे सोडून मुंबईला परत जायचं, या खेपेला मालिकेतली सासू व्हायला, असं तिने ठरवलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने सगळ्यांना डबेच वाण म्हणून दिले. ती संध्याकाळ मला अजून स्वप्नासारखी दिसते. अंगणात कोवळी थंडी, गुलाबपाण्याचा शिडकावा, शिफ्टचा भोंगा दूर कुठेतरी विरत गेलेला, आणि पिवळ्या दिव्याखाली मावशी, डब्यावरच्यापेक्षा सुंदर. बायका तिच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. मला वाटलं, मावशी जिंकली.

पण वाणात आलेली वस्तू पुन्हा विकत कोण आणतं? टी. टी. नगरचा दुकानदार म्हणायचा, "मॅडम कब आएँगी, ये सब पूछते हैं. उबटन कोई नहीं पूछता." नाव मोठं, लक्षण खोटं म्हणावं, तर लक्षण कुणी पाहिलंच नव्हतं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी मावशी फराळाला आली. मला कुशीत घेतलं, माझ्या मानेचा वास घेतला आणि थबकली. आईने मला नेहमीच्या पुडीतलं उटणं लावलं होतं. मावशीचा डबा शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या शेजारी होता. झाकणाची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

"अगं, तुझा फोटो आहे त्यावर," आई म्हणाली. "न्हाणीघरात कसा ठेवायचा? ओला नसता झाला?"

मावशी हसली. मला आईचा राग आला, अजूनही येतो. मावशीने चमच्याने झाकण उचकटलं आणि चिमूटभर उटणं आईच्या मनगटावर चोळलं. आईने हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच ठेवला.

"किती छान आहे गं!"

"एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून थांबले होते," मावशी म्हणाली. मुंबईचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं.